न भरणाऱ्या जखमेकडे या : जखमांवरची मलमं शोधणाऱ्या संशोधकांना खुलं पत्र

आदरणीय संशोधकहो,

सादर नमस्कार.

काही वर्षांपूर्वी एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने मला तिचा प्रयोग बघायला बोलावलं होतं. मी परिचारिका आहे, 22 वर्षं जखमांची ड्रेसिंग करते. जखम मोजायची कशी, कडेवर नवी त्वचा आली आहे हे ओळखायचं कसं, हे तिला माझ्याकडून शिकून घ्यायचं होतं. तिने एका वनस्पतीच्या अर्काचं मलम पांढऱ्या उंदरांच्या पाठीवरच्या जखमांना लावलं होतं. भूल देऊन, केस भादरून, पंचने 8 मिलिमीटरचा त्वचेचा गोल तुकडा काढलेला. मी गेले तो चौदावा दिवस होता. मलम लावलेल्या उंदराच्या पाठीवर फक्त एक गुलाबी रेघ उरली होती. मी थक्क झाले. मग सहज विचारलं, "आणि काहीच लावलं नाही तो कुठे आहे?" तिने शेजारच्या पिंजऱ्यातून तोही काढला. त्याच्या पाठीवरही रेघच होती. जराशी जाड, टोकाला खपलीचा एक कण अजून चिकटलेला, एवढंच.

दोन गटांतला फरक नवव्या दिवसाच्या मोजणीत होता, आणि तो खरा होता. तिने काही लपवलं नव्हतं. पण घरी जाताना माझ्या डोक्यातून एकच गोष्ट जाईना : ज्याला काहीच लावलं नाही, तोही बरा झाला.

कारण त्याच आठवड्यात माझ्याकडे एक आजोबा येत होते. तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी, 2 सेंटीमीटरची जखम. 14 महिने झाले होते. मधुमेहाने पायातली संवेदना गेलेली, त्यामुळे दुखत काहीच नव्हतं. जखम आहे हे त्यांना मोजा ओला झाल्यावर कळलं होतं. मी पट्टी सोडते तेव्हा आधी वास येतो, मग हिरवट पिवळा पडलेला गॉज दिसतो. भोवती पांढरा घट्टा, कडा आत वळून गुळगुळीत झालेली, तळाचं मांस फिकट. ताज्या जखमेचा लालबुंद दाणेदार तळ असतो तसं काही नाही. सलाइनने धुवायचं, घट्टा ब्लेडने तासायचा, पिवळा चिकट थर काढायचा, मग पारदर्शक कागद ठेवून पेनाने बाहेरची रेघ मारायची. आजोबा तिकडे बघत नसत. भिंतीकडे बघत विचारायचे, "सिस्टर, कमी आहे का?" मागच्या आठवड्याचा कागद वर ठेवला की दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर बसायच्या.

आजोबांच्या जखमेवर मी जे लावते ते शेवटी तुमच्याच प्रयोगशाळांतून आलेलं असतं. म्हणून हे पत्र तुम्हाला. माझं मागणं एकच आहे : औषध शोधताना सुरुवात अडून बसलेल्या जखमेपासून करा. आपोआप भरणाऱ्या जखमेला दोन दिवस आधी भरवणं हे वेगळं काम आहे, आणि त्या कामाची माझ्या ड्रेसिंग रूममध्ये फारशी गरज पडत नाही.

उंदीर इतक्या लवकर का बरा होतो हे मला त्या मुलीनेच समजावलं. त्याची कातडी अंगाला सैल असते आणि कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. जखम झाली की तो थर कातडी ओढून घेतो, बटव्याची नाडी ओढावी तशी. तोंड मिटतं. माणसाच्या अंगावर बहुतेक ठिकाणी तो थर राहिलेलाच नाही. आपली उघडी जखम आधी तळातून नव्या मांसाने भरून यावी लागते आणि मग कडेच्या पेशींनी सरकत सरकत येऊन ती झाकावी लागते. म्हणजे उंदराच्या पाठीवरच्या जखमेचं क्षेत्रफळ घटलं, तर त्यातलं किती मलमामुळे आणि किती नुसतं ओढल्यामुळे, हे फोटोवरून कळत नाही. यावर उपायही आहे. जखमेभोवती सिलिकॉनची रिंग चिकटवून टाके घालायचे, म्हणजे कातडी आकसू शकत नाही आणि जखमेला माणसासारखंच भरावं लागतं. ही पद्धत 2004 सालीच नीट मांडली गेली. तरीही मी वाचते त्यातल्या कितीतरी शोधनिबंधांत रिंगचा पत्ता नसतो.

हो, मी निबंध वाचते. त्या भेटीनंतर लागलेली सवय आहे. शब्दकोश शेजारी ठेवून सुरुवात केली, आता तितकी गरज पडत नाही. 2001 सालच्या एका आढाव्याने मला हादरवलं. जखमांवरचे 25 उपचार घेऊन, प्राण्यांतले निष्कर्ष माणसांतल्या निष्कर्षांशी किती जुळतात हे त्यात तपासलं होतं. डुकरांवरचे प्रयोग 78 टक्के जुळले. उंदीर, ससे अशा लहान प्राण्यांवरचे 53 टक्के. प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींवरचे 57. छापा-काटा केला तरी 50 येतात.

प्लेटमधल्या प्रयोगाबद्दलही बोलायला हवं, कारण सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते. पेशींचा एकसंध थर वाढवायचा, पिपेटच्या टोकाने त्यावर ओरखडा काढायचा, औषध घालायचं आणि 24 तासांत ओरखडा किती बुजला ते बघायचं. सोपा, स्वस्त, डोळ्यांना पटणारा प्रयोग. पण त्या पेशी कुणाच्या? अनेकदा नवजात बाळाच्या त्वचेतल्या, ताज्या, पोषक द्रवात न्हालेल्या. त्यांना रक्त कमी पडत नाही, त्यांच्यावर सूज नाही, जंतू नाहीत. माझ्या आजोबांच्या जखमेच्या कडेच्या पेशी तशा नाहीत. त्या वाढत राहतात पण पुढे सरकत नाहीत, म्हणून तर कडा जाड होऊन आत वळते. जुन्या जखमेचा पाझर प्लेटमधल्या निरोगी पेशींवर घातला तर त्यांचीही वाढ मंदावते, हे तुमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी 1990च्या दशकात दाखवून दिलं आहे. मग नव्या औषधाची परीक्षा त्या पाझरात का होत नाही? औषधाला शेवटी त्यातच तर उतरायचं असतं.

वाढघटकांची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. पेशींना वाढायला सांगणारी ही प्रथिनं बाहेरून जखमेवर लावली तर प्राण्यांमध्ये सुंदर परिणाम दिसायचे. एकामागून एक घटक तपासले गेले. अमेरिकेत मधुमेहाच्या पायाच्या व्रणासाठी मान्यता मिळाली ती एका जेलला, बेकाप्लर्मिनला, 1997 साली. मुख्य चाचणीत 20 आठवड्यांत जेल लावलेल्यांपैकी 50 टक्क्यांच्या जखमा पूर्ण भरल्या, नुसता बेस, म्हणजे औषध नसलेलं तेच जेल, लावलेल्यांपैकी 35 टक्क्यांच्या. फायदा होता, पण प्राण्यांतल्या प्रयोगांनी जी आशा लावली होती तेवढा नव्हता. बाकीचे बरेचसे घटक माणसांच्या चाचण्यांत गळाले. जुन्या जखमेत प्रथिनं कापणारी विकरं (एन्झाइम) भरमसाट असतात. आपण वाढघटक ओततो आणि जखम तो चिरून टाकते. ताज्या जखमेत ती विकरं आपलं काम करून ओसरतात, म्हणून उंदराच्या पाठीवर हा प्रश्न दिसलाच नाही.

जंतूंचंही तसंच. 2008 सालच्या एका अभ्यासात जुन्या जखमांच्या 60 टक्के नमुन्यांत जंतूंनी स्वतःभोवती विणलेला चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, सापडला. ताज्या जखमांत तो फक्त 6 टक्के नमुन्यांत होता. बायोफिल्ममधल्या जंतूला मारणं आणि द्रवात सुट्या तरंगणाऱ्या जंतूला मारणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी "जंतुनाशक गुण सिद्ध" म्हणून जी चित्रं छापली जातात त्यांत सुटे जंतू पेरलेल्या प्लेटवर औषधाभोवती उमटलेलं स्वच्छ वर्तुळ असतं. मला ते वर्तुळ दाखवू नका. तीन दिवस जुन्या बायोफिल्मवर, वर जखमेचा पाझर घालून, तुमचं औषध काय करतं ते दाखवा.

इथे मला स्वतःची एक चूक सांगायची आहे. नोकरीला लागले तेव्हा मला शिकवलं होतं की जखम कोरडी राहिली पाहिजे. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, फेस आला की समाधान वाटायचं, मग पोव्हिडोन आयोडीन, आणि वर कोरडा गॉज. दुसऱ्या दिवशी तो गॉज जखमेला घट्ट चिकटलेला असायचा आणि मी तो ओढून काढायचे. त्याच्याबरोबर रात्रभर आलेली कोवळी त्वचा निघायची. रुग्ण ओरडायचा, रक्त यायचं, आणि "रक्त येतंय म्हणजे जखम जिवंत आहे" असं मी त्याला सांगायचे. हे मी काही वर्षं केलं. किती लोकांना किती आठवडे मी मागे ढकललं असेन, याचा विचार आजही येतो.

आणि मला बाहेर काढलं ते प्रयोगशाळेनेच. 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ पडद्याने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. उघड्या जखमेवर खपली धरते आणि पेशींना त्या खपलीखालून वाट काढत जावं लागतं, म्हणून उशीर होतो. पुढच्याच वर्षी, 1963 मध्ये, माणसांवरही हेच दिसलं. एवढा साधा प्रयोग, एक प्लास्टिकचा पडदा, आणि जखमेबद्दलची जुनी समजूत उलटी झाली. मला हे कळलं ते त्यानंतर 40हून जास्त वर्षांनी, पण कळलं. तेव्हापासून मी चिकटलेला गॉज सलाइनने भिजवते, थांबते, आणि तो आपण होऊन सुटेल तेव्हाच काढते. प्रयोगशाळेचं माझ्यावर ऋण आहे ते हे.

पण विंटर यांच्या प्रयोगाने तुमच्यावरही एक जबाबदारी टाकली आहे. ओलसर झाकलेली जखम कोरड्या जखमेपेक्षा लवकर भरते हे माहीत असताना, नव्या जेलची तुलना कोरड्या उघड्या जखमेशी करून काय कळणार? जेल आहे म्हणजे ओलावा आलाच. त्यात औषध नसतं तरी फरक पडलाच असता. म्हणून एक गट नुसत्या बेसचा हवा, त्याच जाडीचा, तितक्याच वेळा लावलेला. आणि दुसरा गट आज चांगल्या ठिकाणी वापरतात त्या ओलावा राखणाऱ्या ड्रेसिंगचा. त्या दोन्हींना मागे टाकलंत तर मी तुमचं मलम डोक्यावर घेईन.

चांदीचं उदाहरण घ्या. सिल्व्हर सल्फाडायझिन 1968 पासून भाजलेल्यांच्या वॉर्डात आहे. प्लेटमध्ये ते जंतू मारतं यात शंका नाही. पण उथळ भाजलेल्या जखमांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा त्याने जखम उलट उशिरा भरते, असंच वारंवार निघालं. मी ते वर्षानुवर्षं लावलं आहे. दुसऱ्या दिवशी त्याचा पांढरट पिवळा साका जखमेवर असा बसतो की खाली किती खोल भाजलंय हे डॉक्टरांना दिसत नाही. मग तो घासून काढावा लागतो. भाजलेल्या लहान मुलाच्या अंगावरून तो साका काढणं म्हणजे काय, हे एकदा प्रत्यक्ष बघावं अशी माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. पायाच्या शिरांच्या व्रणांवर चांदीयुक्त ड्रेसिंग आणि साधं न चिकटणारं ड्रेसिंग यांची तुलना ब्रिटनमध्ये 213 रुग्णांवर झाली. 12 आठवड्यांनी भरलेल्या जखमांत लक्षणीय फरक निघाला नाही.

प्लेट उलट्या बाजूनेही फसवते, हेही मान्य करायला हवं. पोव्हिडोन आयोडीन प्लेटमध्ये त्वचेच्या पेशींनाही मारतं, म्हणून काही जण ते विषच ठरवतात. पण खऱ्या जखमेत रक्त, प्रथिनं, पू यांच्यात मिसळून त्याचा जोर बराच उतरतो. प्लेटमधलं यश आणि प्लेटमधलं अपयश, दोन्हींकडे सारख्याच सावधपणे बघितलं पाहिजे.

वनस्पतींच्या अर्कांबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण माझ्या वाचनात येणारे बहुतेक निबंध त्यांचेच असतात आणि त्यांच्याबद्दल मला आशाही आहे. पण त्यांचा साचा ठरलेला झाला आहे. पान घ्या, वाळवा, अर्क काढा, मलमात 5 आणि 10 टक्के मिसळा, तरुण निरोगी उंदरांना लावा, फोटो काढा, "पारंपरिक उपयोगाला पुष्टी मिळाली" असं लिहा, आणि विषय संपला. पुढे कुणी जात नाही. अर्कात नेमकं कोणतं द्रव्य किती होतं हे नोंदलेलं नसतं, त्यामुळे दुसऱ्याला तो प्रयोग जसाच्या तसा करता येत नाही. मोजणाऱ्याला कोणत्या उंदराला काय लावलं हे कळू नये असा नियम असतो, पण हळदीचं मलम पिवळं असतं आणि जखमेभोवतीची कातडीही पिवळी होते. मग कळणार नाही कसं? हळदीतल्या कर्क्युमिनचा तर आणखी एक घोळ आहे : ते लवकर विघटित होतं आणि प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांत खोटाच सकारात्मक निकाल देऊ शकतं, असा इशारा रसायनशास्त्रज्ञांनी 2017 साली सविस्तर दिला आहे.

शिवाय "नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही" हे वाक्य उघड्या जखमेच्या बाबतीत कृपा करून लिहू नका. पपईच्या चिकातलं पपेन मेलेलं मांस विरघळवतं, म्हणून त्याची मलमं दीर्घकाळ वापरात होती. गंभीर ॲलर्जीच्या तक्रारी आल्यावर 2008 साली अमेरिकेच्या औषध नियामकाने ती मलमं बंद करायला लावली. मधाचा गुण अस्सल आहे. उथळ भाजलेल्या जखमा नेहमीच्या काही ड्रेसिंगपेक्षा मधाने लवकर भरतात, असा पुरावाही आहे. पण जखमेवर लावायचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण साध्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. निबंध वाचून कुणाच्या तरी घरी कुणाच्या तरी जखमेवर काय लावलं जाईल, याचा विचार लिहिताना मनात असू द्या. त्याचे परिणाम माझ्यासमोर येऊन बसतात.

हे सगळं अशक्य मागणं आहे असं वाटू नये, म्हणून ज्यांनी ते करून दाखवलं त्यांची नावं घेते. पानओवा आणि मंडूकपर्णी यांच्यापासून तैवानमध्ये तयार केलेलं मलम थेट मधुमेहाच्या पायाच्या व्रणावर तपासलं गेलं, 236 रुग्णांवर, आणि तुलना कोरड्या गॉजशी न करता चांगल्या शोषक ड्रेसिंगशी केली. 16 आठवड्यांत 60.7 टक्के विरुद्ध 35.1 टक्के जखमा पूर्ण भरल्या. त्यात कोणाला काय लावलंय हे रुग्णाला दिसत होतं, ही उणीव आहेच. पण रस्ता बरोबर होता. भूर्जाच्या सालीपासून केलेलं जेल अंगभर फोड येऊन कातडी सुटण्याच्या आनुवंशिक आजारावर तपासलं, तेही नुसत्या बेसच्या जेलशी तुलना करून : 45 दिवसांत 41.3 टक्के विरुद्ध 28.9. त्याच आजारासाठी सदोष जनुकाची निरोगी प्रत पोचवणारं जेल 2023 साली अमेरिकेत मान्य झालं. त्याच्या चाचणीत फक्त 31 रुग्ण होते, पण एकाच रुग्णाच्या दोन सारख्या जखमा घेऊन एकीवर औषध, दुसरीवर बेस लावला होता. रुग्ण मोजकेच असतील तर यापेक्षा प्रामाणिक तुलना मला सुचत नाही.

मला सर्वांत आवडलेली चाचणी मात्र एका पट्टीची आहे. सुक्रोज ऑक्टासल्फेट या क्षाराचा थर दिलेलं ड्रेसिंग, आणि हुबेहूब तसंच पण क्षार नसलेलं ड्रेसिंग. रक्तपुरवठाही कमी आणि संवेदनाही गेलेली, अशा पायांच्या 240 रुग्णांवर. लावणाऱ्या परिचारिकेलाही कोणतं कोणतं ते माहीत नाही. 20 आठवड्यांनी 48 टक्के विरुद्ध 30. हा क्षार जास्तीच्या विकरांना आवर घालतो असं मानतात. म्हणजे इथे कुणीतरी आधी विचारलं की ही जखम अडली कशाने, आणि मग त्या अडथळ्यावर बोट ठेवलं. मला तुमच्याकडून हवं आहे ते हेच.

आता मोजमापाबद्दल. "क्षेत्रफळ 92 टक्क्यांनी घटलं" हे वाक्य तुमच्यासाठी यश आहे. उरलेल्या 8 टक्क्यांतून जंतू आत जातो आणि पाय जातो. अमेरिकेच्या नियामकाची व्याख्या मला पटते : नव्या त्वचेने पूर्ण झाकलेली, पाझर नसलेली, ड्रेसिंगची गरज नसलेली जखम, आणि तीही 2 आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून. त्यापुढचं तर फार कमी जण बघतात. मधुमेहाच्या पायाचा भरलेला व्रण वर्षभरात साधारण 40 टक्के लोकांमध्ये पुन्हा होतो. तुमच्या मलमाने आणलेली त्वचा कशी आहे? चालल्यावर टिकते का? भरलेल्या जखमेचा वण मूळ त्वचेच्या फार तर 80 टक्के ताकदीचा होतो, तोही काही महिन्यांनी. उंदराचा प्रयोग एकविसाव्या दिवशी थांबतो तेव्हा तो वण अजून कच्चाच असतो.

आणि काही गोष्टी तक्त्यात येतच नाहीत. पट्टी काढताना किती दुखलं? रात्री झोप लागली का? कर्करोगाने फुटलेल्या स्तनाच्या जखमा मी बघितल्या आहेत. त्या भरणार नसतात, आणि ते त्या बाईलाही माहीत असतं. तिला एकच हवं असतं, की नातवंडाने जवळ यावं आणि वासाने तोंड फिरवू नये. मेट्रोनिडॅझोलचं साधं जेल लावलं की काही दिवसांत तो वास कमी होतो. जखम एक मिलिमीटरही भरत नाही, पण ती बाई पुन्हा माणसांत बसते. मी 22 वर्षांत लावलेल्या सगळ्या औषधांत मला त्या जेलइतकं समाधान क्वचितच कशाने दिलं असेल. वास, वेदना, पाझर यांवर प्रयोगशाळेत काम करणारे इतके थोडे का?

लावणाऱ्या हातांचाही विचार करा. अंगाच्या उष्णतेने पातळ होऊन वाहून जाणारं जेल तळपायावर राहत नाही. पिवळ्या रंगाचं मलम पुवात मिसळलं की मला जंतुसंसर्ग ओळखता येत नाही. दिवसातून तीनदा लावायचं औषध म्हणजे जखम दिवसातून तीनदा उघडायची. या गोष्टी शेवटी कळण्याऐवजी पहिल्या बैठकीत कळाव्यात, एवढ्यासाठी तरी ड्रेसिंग करणाऱ्या एखाद्या परिचारिकेला सुरुवातीलाच विचारा. त्या मुलीने मला विचारलं तेव्हा मलम तयार होऊन वर्ष झालं होतं.

उंदीर सोडून द्या, असं मी म्हणत नाही. औषध घातक आहे का, कोणत्या पेशीवर काम करतं, हे तिथेच कळतं. पण म्हातारे उंदीर घ्या, मधुमेही उंदीर घ्या, माद्याही घ्या, रिंग लावा, जखमेत बायोफिल्म वाढू द्या, आणि शक्य असेल तिथे पुढची पायरी डुकराच्या त्वचेची ठेवा. प्राण्यांवरचे प्रयोग कसे नोंदवावेत याचे अराइव्ह नावाचे नियम 2010 पासून आहेत, 2020 मध्ये ते सुधारले. गटवाटणी कशी केली, मोजणारा अनभिज्ञ होता का, किती प्राणी गळाले, हे त्यात लिहायला सांगितलं आहे. आणि ज्या मलमाने काही झालं नाही, त्याचा निबंधही छापा. नाहीतर दुसरी प्रयोगशाळा तेच मलम, तेच उंदीर, तीच निराशा पुन्हा अनुभवेल, आणि त्या प्राण्यांच्या पाठीवरच्या जखमा वाया जातील.

शेवटी एक गोष्ट देऊ करते. दर ड्रेसिंगला मी जुन्या जखमांच्या कडेचं तासलेलं मांस, पिवळा थर, पाझराने भिजलेली पट्टी कचऱ्यात टाकते. तुम्हाला ज्या जखमेचं प्रतिरूप उंदरात उभं करायला इतके कष्ट पडतात, ती खरी जखम तिथे असते. पोटाच्या शस्त्रक्रियांत काढलेली निरोगी माणसाची त्वचाही अशीच टाकली जाते. तिच्यावर जखम करून ती काही दिवस द्रवात जिवंत ठेवून औषध तपासता येतं. रुग्णाची लेखी संमती आणि नीतिमत्ता समितीची परवानगी घेतलीत तर यातलं बरंच काही तुम्हाला मिळू शकेल. मी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "टाकूनच देता ना? मग घेऊ द्या की त्यांना."

आमच्याकडे जुन्या जखमांची ड्रेसिंग सकाळी 8 वाजता सुरू होतात. गाऊन आणि मास्क मी देईन. फक्त पहिली पट्टी सोडायच्या आधी या, म्हणजे वास, पाझर आणि कडा, तिन्ही जसं आहे तसं बघायला मिळेल.

आपली नम्र,
ड्रेसिंग रूममधली एक परिचारिका